संशोधनासाठी स्त्रीबीज देण्याचा निर्णय कसा घ्यावा

दान हा शब्द आपण रक्त, नेत्र, मूत्रपिंड आणि स्त्रीबीज या सर्वांसाठी सरसकट वापरतो, परंतु संशोधनासाठी दिले जाणारे स्त्रीबीज या रांगेत नीट बसत नाही. मूत्रपिंड देणाऱ्याला आपल्या शरीराचा त्रास कोणाच्या उपयोगी पडणार आहे हे ठाऊक असते, आणि अपत्यहीन जोडप्यासाठी बीज देणारीलाही ते ठाऊक असते. संशोधनासाठी बीज देणारी स्त्री मात्र पूर्ण निरोगी असताना सुमारे दोन आठवडे संप्रेरकांची इंजेक्शने घेते, भूल घेते, सुई टोचून घेते. त्यातून तिला स्वतःला वैद्यकीय लाभ काहीच होत नाही आणि दुसऱ्या कोणाला होईल की नाही हेही त्या दिवशी कोणी सांगू शकत नाही. फसणे हा प्रयोगाचा स्वभावच आहे, आणि त्यात संशोधकाचा दोष असतोच असे नाही.

म्हणून हा निर्णय घेताना एक गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवावी. संशोधनात सहभागी होणाऱ्या कोणत्याही माणसाला जे संरक्षण मिळायला हवे ते सर्व बीज देणाऱ्या स्त्रीला मिळाले पाहिजे, कारण प्रयोगशाळेच्या बाहेर, तिच्या शरीरावर, त्या संशोधनाचा पहिला टप्पा पार पडत असतो. या संरक्षणातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे अखेरच्या क्षणापर्यंत ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक. दान सत्पात्री असावे असे आपण म्हणतो, तेव्हा पात्र पारखण्याचा अधिकार देणाऱ्याकडे असतो हे त्यात गृहीतच असते. ती पारख कशी करावी, याचा हा विचार आहे. बीज देऊ पाहणाऱ्या स्त्रीसाठी तो आहे, आणि तिच्याबरोबर बसून कागद वाचणाऱ्या माणसासाठीही.

आधी आपली परिस्थिती ओळखावी

‘संशोधनासाठी स्त्रीबीज’ या एकाच शब्दप्रयोगाखाली तीन-चार वेगवेगळ्या परिस्थिती येतात, आणि प्रत्येकीतले नैतिक प्रश्न वेगळे असतात. आपण नेमक्या कोणत्या परिस्थितीत आहोत हे ठरवल्याशिवाय पुढचा विचार भरकटतो.

पहिली परिस्थिती सर्वांत सोपी आहे. स्त्रीने स्वतःच्या अपत्यासाठी आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करण्याचे, उपचार घेतले, त्यात काही बीजे अपक्व निघाली किंवा फलित झाली नाहीत, आणि ती एरवी टाकूनच दिली जाणार होती. किंवा एखाद्या आजारामुळे अंडाशय काढावे लागले आणि त्या ऊतींमध्ये बीजे शिल्लक होती. येथे शरीराला जास्तीचा त्रास नाही. तरीही ही बीजे वापरण्यापूर्वी तिची स्वतंत्र संमती घेतलीच पाहिजे, आणि ती उपचाराच्या संमतीत दडवलेली नसावी. बीजे काढण्याच्या दिवशी, पोटात दुखत असताना आणि मन धास्तावलेले असताना, पुढे केलेल्या कागदावर सही करू नये. हा प्रश्न उपचार सुरू होण्यापूर्वी निवांतपणे विचारला गेला पाहिजे. गोठवून ठेवलेली बीजे देताना आणखी एक विचार करावा लागतो, तो म्हणजे आज नको वाटणारी बीजे काही वर्षांनी हवीशी वाटतील का. संशोधनात एकदा वापरलेले बीज परत मिळत नाही.

दुसरी परिस्थिती बीज वाटून देण्याची आहे. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे 2006-07 च्या सुमारास अशी योजना सुरू झाली, ज्यात आयव्हीएफ घेणाऱ्या स्त्रीने आपल्या बीजांचा काही वाटा संशोधनाला द्यायचा आणि त्या बदल्यात तिच्या उपचारखर्चाचा काही भाग संशोधनाच्या निधीतून भागवायचा, अशी व्यवस्था होती. वरवर पाहता यात कोणाचे नुकसान दिसत नाही, कारण इंजेक्शने ती घेणारच होती. परंतु जिला मूल हवे आहे तिच्यासाठी प्रत्येक बीज ही एक संधी असते, आणि ज्या स्त्रीला खर्च परवडत नाही तिलाच त्यातल्या काही संधी सोडून देण्याची तडजोड करावी लागते. अशी योजना समोर आली तर दोन गोष्टी लेखी मागाव्यात. कमी बीजे निघाली तर ती सर्व माझ्या उपचारासाठीच राहतील आणि खर्चातील सवलत तरीही कायम राहील, ही पहिली. वाटणी करणाऱ्याला चांगली बीजे एका बाजूला काढता येणार नाहीत अशी पद्धत, म्हणजे चिठ्ठी टाकावी तशी यादृच्छिक वाटणी, ठरलेली असेल, ही दुसरी.

तिसरी परिस्थिती म्हणजे केवळ संशोधनासाठी बीज देणे. पुढचे बरेचसे विवेचन मुख्यत्वे या परिस्थितीला लागू आहे, कारण शरीराचा सर्व भार येथे दुसऱ्याच्या कामासाठी उचलला जातो.

शरीराचा हिशेब

नेहमीच्या मासिक चक्रात साधारणपणे एकच बीज पक्व होऊन बाहेर पडते. संशोधनाला एकाच वेळी अनेक बीजे हवी असतात, म्हणून सुमारे दहा ते चौदा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शने दिली जातात, अधूनमधून सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून बीजपुटकांची, म्हणजे ज्यांत बीज वाढते त्या द्रवाने भरलेल्या लहान पिशव्यांची, वाढ पाहिली जाते, आणि ती पुरेशी वाढली की बीजे पूर्ण पक्व होण्यासाठी शेवटचे एक इंजेक्शन दिले जाते. त्यानंतर साधारण 34 ते 36 तासांनी, भूल देऊन, सोनोग्राफीच्या साहाय्याने योनिमार्गातून सुई घालून बीजे शोषून घेतली जातात. प्रत्यक्ष बीजे काढण्याचे काम अर्ध्या तासाच्या आत संपते. दिवस जातात ते त्याच्या आधी आणि नंतर.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बीजे दिली म्हणजे पुढच्या आयुष्यातला साठा संपतो असे अनेकींना वाटते. जन्माच्या वेळी मुलीच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात, वयात येईपर्यंत त्यातील तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती जेमतेम चार-पाचशे. दर महिन्याला बीजपुटकांचा एक गट वाढीला लागतो आणि त्यातले एक सोडून बाकीची जिरून जातात. औषधांनी जगवली जातात ती हीच. त्यामुळे रजोनिवृत्ती लवकर येण्याची भीती या कारणासाठी बाळगण्याची गरज नाही.

खरी काळजी करावी ती अंडाशय अतिउद्दीपित होण्याची. डॉक्टर त्याला ओएचएसएस म्हणतात. औषधांना अंडाशयांनी प्रमाणाबाहेर प्रतिसाद दिला तर रक्तवाहिन्यांमधून द्रव झिरपून पोटात साठतो. पोट फुगणे, मळमळ, एक-दोन दिवसांत वजन झपाट्याने वाढणे, लघवी कमी होणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे. सौम्य त्रास पुष्कळ जणींना होतो आणि तो आपोआप शमतो. तीव्र स्वरूप क्वचित दिसते, पण तेव्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागते, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि अत्यंत विरळ प्रसंगी जीवही धोक्यात येतो. तरुण वय, पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनाचा, अंडाशयांशी संबंधित विकार) आणि बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या एएमएच या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण जास्त असणे यांमुळे हा धोका वाढतो. म्हणजे ज्या स्त्रीकडून भरपूर बीजे मिळतील असे वाटते, तिलाच त्रास होण्याचा संभव अधिक. ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगतो आहे, कारण या विषयातला सर्वांत अवघड नैतिक पेच येथेच आहे. संशोधकाला जास्त बीजे हवी असतात आणि स्त्रीच्या शरीराला कमी बीजे मानवतात.

याचा व्यावहारिक अर्थ असा की डॉक्टरांना पुढील प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. माझ्यासाठी औषधाची मात्रा कशी ठरवली, आणि ती कमीत कमी का नाही? पुटकांची संख्या किंवा इस्ट्रोजेनचे प्रमाण किती झाले की तुम्ही प्रक्रिया थांबवाल? बीजे पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन एचसीजी या संप्रेरकाचे असेल की जीएनआरएच अ‍ॅगोनिस्ट या दुसऱ्या प्रकारच्या औषधाचे? दुसऱ्या प्रकारामुळे ओएचएसएसचा धोका बराच कमी होतो, आणि बीज देणारी स्त्री त्या चक्रात गर्भधारणा करणार नसल्यामुळे तो प्रकार वापरण्याला सहसा अडचण नसते. डॉक्टर एचसीजीच देणार असतील तर त्याचे वैद्यकीय कारण त्यांनी सांगितले पाहिजे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अंडाशयाला पीळ पडणे आणि भुलेचे धोके हेही समजून घ्यावेत.

दूरगामी परिणामांविषयी मात्र प्रामाणिक उत्तर थोडे अस्वस्थ करणारे आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2007 मध्ये मूलपेशी (शरीरातील इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी) संशोधनासाठी बीज देण्याच्या वैद्यकीय धोक्यांचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा दीर्घकालीन परिणामांची माहिती किती तोकडी आहे हे त्यात ठळकपणे नोंदवले गेले. वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या स्त्रियांवरील अभ्यास बऱ्याच अंशी दिलासा देतात, परंतु निरोगी आणि तरुण बीजदात्रींची वर्षानुवर्षे नोंद ठेवण्याचे काम फार थोडे झाले आहे. त्यामुळे ‘कोणताही दूरगामी धोका नाही’ असे कोणी ठामपणे सांगितले, तर त्या माणसाच्या बाकीच्या आश्वासनांकडेही सावधपणे पाहावे. ‘धोका आढळलेला नाही, पण पुरेसे पाहिलेलेही नाही’ हे उत्तर देणारा डॉक्टर अधिक विश्वासाचा.

डॉक्टर कोणाचे, आणि भीड कोणाची

बीजे काढणारे डॉक्टर आणि ती वापरणारे संशोधक हे एकच असू नयेत. ही अट किरकोळ प्रशासकीय बाब वाटते, पण मात्रा किती द्यायची आणि कधी थांबायचे हे ठरवणाऱ्या माणसाचे लक्ष फक्त समोरच्या स्त्रीकडे असावे, यासाठी ती आहे. डॉक्टरांचे नाव संशोधनाच्या प्रबंधावर येणार आहे का, बीजांच्या संख्येशी त्यांचे मानधन जोडलेले आहे का, हे विचारण्यात अवमान नाही. हे विचारल्यावर जो दुखावतो त्याच्याकडे जाऊ नये.

या अटी का आल्या हे समजून घ्यायचे तर दक्षिण कोरियातील संशोधक ह्वांग वू-सुक यांचे प्रकरण तपशिलाने पाहावे लागते. मानवी भ्रूणाचे क्लोनिंग करून त्यातून मूलपेशी मिळवल्याचा दावा ह्वांग यांनी 2004 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केला, आणि 2005 मध्ये रुग्णांशी जुळणाऱ्या अकरा पेशीमालिका (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारे पेशींचे वंश) केवळ 185 बीजांतून तयार केल्याचे जाहीर केले. जगभर कौतुक झाले. दरम्यान त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कनिष्ठ स्त्रियांनी बीजे दिली असल्याची कुजबुज सुरू झाली होती. ह्वांग यांनी ते आधी नाकारले आणि नोव्हेंबर 2005 मध्ये मान्य केले. काही स्त्रियांना पैसे दिले गेल्याचेही उघड झाले. विशेष म्हणजे त्यानंतरही शेकडो कोरियन स्त्रियांनी, देशाच्या विज्ञानाला पाठबळ म्हणून, आपली बीजे देण्याची तयारी जाहीर केली. काही आठवड्यांतच मूळ दावेच बनावट असल्याचे दिसू लागले, जानेवारी 2006 मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या चौकशी समितीने ते निर्विवादपणे सांगितले, आणि दोन्ही शोधनिबंध मागे घेतले गेले. चौकशीत असेही आढळले की जाहीर केलेल्या संख्येच्या कितीतरी पट, म्हणजे शंभराहून अधिक स्त्रियांची दोन हजारांहून अधिक बीजे वापरली गेली होती. एकही क्लोन केलेली पेशीमालिका त्यातून निघाली नाही.

या घटनेची चर्चा बहुधा वैज्ञानिक लबाडीच्या अंगाने होते. मला मात्र त्या कनिष्ठ संशोधक स्त्रिया आठवत राहतात. त्यांच्यावर कोणी बळजबरी केली असे म्हणण्याची गरजही नाही. ज्याच्या शिफारशीवर पुढची नोकरी अवलंबून आहे त्याच्या प्रकल्पाला बीजे कमी पडत आहेत हे रोज डोळ्यांसमोर दिसत असेल, तर ‘मी स्वेच्छेने देते’ या वाक्यातली स्वेच्छा किती आणि भीड किती, हे त्या स्त्रीलाही वेगळे करता येत नाही. भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर ती शरीरावर शस्त्र चालवून घ्यायला लावते. म्हणून संशोधक गटातील स्त्रिया, त्यांच्या विद्यार्थिनी आणि हाताखालच्या कर्मचारी यांच्याकडून बीजे घेऊच नयेत, हा नियम मला योग्य वाटतो, जरी त्यामुळे एखादीची खरी इच्छा डावलली गेली तरी.

भीड घरातूनही येते. भाऊ किंवा मूल असाध्य आजाराने पडलेले असेल आणि ‘या संशोधनातून उपचार सापडेल’ असे कोणी म्हटले, तर नकार देणे जवळजवळ अशक्य होते. अशा वेळी संशोधकांना सरळ विचारावे की माझ्या बीजांमुळे माझ्या माणसाला प्रत्यक्ष उपचार मिळण्याची काही शक्यता आहे का. बहुतेक मूलभूत संशोधनात याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच असते. ते उत्तर ऐकूनही द्यावेसे वाटले, तर तो निर्णय स्वतःचा म्हणता येतो.

बीजाचे पुढे काय होणार

मानवी बीजावरील सर्वच संशोधन एका जातीचे नसते. काही प्रयोगांत बीज कसे पक्व होते, वयानुसार त्यातील गुणसूत्रांची विभागणी का चुकते, गोठवल्याने त्यावर काय परिणाम होतो, एवढेच पाहिले जाते आणि भ्रूण तयार होत नाही. काहींत बीज शुक्राणूने फलित करून भ्रूणाच्या पहिल्या दिवसांचा अभ्यास केला जातो. काहींत बीजातील केंद्रक, म्हणजे बहुतेक सर्व जनुके असलेला गाभा, काढून तेथे दुसऱ्या व्यक्तीच्या पेशीचे केंद्रक बसवले जाते. डॉली ही मेंढी 1996 मध्ये याच तंत्राने जन्मली आणि मानवी पेशींच्या बाबतीत मूलपेशी मिळवण्यात ऑरेगनमधील संशोधकांना 2013 मध्ये यश आले. मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांचे) आनुवंशिक आजार टाळण्याच्या तंत्रासाठीही दात्रीची बीजे लागतात, आणि ब्रिटनने त्याच्या उपचारातील वापराला 2015 मध्ये कायद्याने परवानगी दिली.

एखाद्या स्त्रीला यातले पहिले मान्य असेल आणि भ्रूण तयार करून तो नष्ट करणे मान्य नसेल, तर त्या भेदाला मान मिळाला पाहिजे. भ्रूणाला नैतिक दर्जा केव्हा आणि किती, या प्रश्नावर विचारी माणसांचे प्रामाणिक मतभेद आहेत आणि कायदेही एकसारखे नाहीत. युरोपीय देशांच्या युरोप परिषद या संघटनेच्या 1997 च्या ओविएदो कराराने, म्हणजे मानवाधिकार आणि जैववैद्यक यांविषयीच्या कराराने, केवळ संशोधनासाठी मानवी भ्रूण तयार करण्यास मनाई केली. ब्रिटनमध्ये ते परवान्याने करता येते, मात्र चौदा दिवसांपलीकडे भ्रूण वाढवता येत नाही. आपले उत्तर कोणतेही असो, संमतिपत्रात प्रत्येक प्रकारच्या वापरासाठी वेगळी सही करण्याची सोय आहे का, हे पाहावे. ‘सर्व प्रकारच्या वर्तमान व भावी संशोधनासाठी’ अशी एकच ओळ असेल, तर ती खोडून आपल्या अटी लिहिण्याची मुभा मागावी, आणि ती नाकारली तर दान नाकारावे.

संशोधन खरोखर गरजेचे आहे का, हा प्रश्नही दात्रीने विचारायला हरकत नाही. डॉलीच्या प्रयोगात केंद्रक बदललेली 277 बीजे वापरली गेली आणि एकच कोकरू जन्मले. या तंत्राची भूक मोठी आहे. पुढे 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मूलपेशींसारखे रूप देण्याची पद्धत दाखवली, आणि तिला बीज लागतच नाही. त्यामुळे जे काम प्राण्यांच्या बीजांवर, टाकून दिल्या जाणाऱ्या बीजांवर किंवा अशा पेशींवर होऊ शकते, त्यासाठी निरोगी स्त्रीला इंजेक्शने देणे समर्थनीय नाही. नैतिकता समितीने हा प्रश्न तपासला का, आणि समितीत संशोधकांच्या संस्थेबाहेरची माणसे होती का, हे विचारून घ्यावे. सदोष प्रयोगाला दिलेले दान वाया जाते, आणि त्याची शारीरिक किंमत एकट्या दात्रीने मोजलेली असते.

पैशाचा प्रश्न

मोबदल्याबद्दल जगात एकमत नाही. कॅलिफोर्नियात 2004 च्या जनमताने मूलपेशी संशोधनाला भरघोस सरकारी निधी मिळाला, पण त्यातून बीज देणाऱ्या स्त्रीला खर्चाच्या भरपाईपलीकडे काही देण्यास मनाई झाली. न्यूयॉर्क राज्याने 2009 मध्ये नेमकी उलट भूमिका घेऊन संशोधनासाठी बीज देणाऱ्या स्त्रियांना सरकारी निधीतून मोबदला देण्याची मुभा दिली. ब्रिटनने 2012 पासून बीजदानाच्या एका चक्रासाठी 750 पौंडांची ठरावीक भरपाई ठेवली होती आणि ती अलीकडे वाढवली. ओविएदो करार तर मानवी शरीर आणि त्याचे भाग यांतून आर्थिक लाभ होऊ नये असेच म्हणतो.

मोबदला नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की पैसा आला की गरजू स्त्रीच पुढे येते आणि धोक्यांकडे डोळेझाक करते. हे खरे आहे. परंतु त्या संशोधनात डॉक्टर, तंत्रज्ञ आणि संशोधक या सर्वांना पगार मिळतो, उपकरणे विकणाऱ्यांना दाम मिळतो, आणि ज्या एका व्यक्तीच्या शरीराला सुया टोचल्या जातात तिच्याकडूनच निरपेक्षतेची अपेक्षा केली जाते, हेही तितकेच खरे आहे. तीच स्त्री तीच औषधे घेऊन परक्या जोडप्यासाठी बीज देते तेव्हा अनेक ठिकाणी तिला पैसे मिळतात. माझा कल असा की वेळ, गैरसोय आणि शारीरिक त्रास यांची वाजवी भरपाई द्यावी, पण ती बीजांच्या संख्येवर, त्यांच्या प्रतीवर किंवा दात्रीच्या रूप-शिक्षणावर कधीही अवलंबून नसावी. बीजामागे पैसे मिळू लागले की जास्त मात्रेचा मोह डॉक्टरांबरोबर दात्रीलाही होतो.

रकमेपेक्षा ती कशी दिली जाते हे अधिक बारकाईने पाहावे. सर्व रक्कम बीजे काढल्यानंतरच मिळणार असेल, तर आठव्या दिवशी त्रास होऊ लागल्यावर मागे फिरणे कठीण जाते, आणि कागदावरचा माघारीचा अधिकार कागदावरच राहतो. म्हणून टप्प्याटप्प्याने, झालेल्या दिवसांप्रमाणे भरपाई मिळण्याची अट घालून घ्यावी. एक प्रश्न स्वतःलाही विचारावा: ही रक्कम या महिन्यात मिळाली नाही तर माझे काय अडेल? उत्तरात कर्जाचा हप्ता किंवा थकलेले भाडे आले, तर निर्णय काही काळ पुढे ढकलावा. गरज असणे हा दोष नाही, पण निकड असताना धोका नीट दिसत नाही.

संमतिपत्र वाचताना

संमतिपत्र घरी नेऊन वाचण्याची परवानगी नसेल तर तेथेच थांबावे. घरी नेल्यावर ते संशोधनाशी संबंध नसलेल्या एखाद्या जाणत्या माणसाला, शक्य असल्यास डॉक्टर असलेल्या, दाखवावे. पुढच्या भेटीत त्यातील मजकूर आपल्या शब्दांत परत सांगून पाहावा; जे सांगता येत नाही ते समजलेले नाही, असे मानून पुन्हा विचारावे.

काही मुद्दे त्यात लेखी असलेच पाहिजेत. त्रास झाला तर उपचारांचा खर्च कोण करणार आणि तो किती काळपर्यंत, हा पहिला. नुसते ‘योग्य ती वैद्यकीय मदत दिली जाईल’ हे वाक्य पुरेसे नाही. खर्च कोणाच्या खिशातून हे त्यात असावे. माघार कोणत्या क्षणापर्यंत घेता येते, हा दुसरा. सर्वसाधारणपणे बीज प्रयोगात प्रत्यक्ष वापरले जाईपर्यंत ती घेता आली पाहिजे, म्हणजे काढून गोठवलेली बीजेही परत मागता किंवा नष्ट करायला सांगता आली पाहिजेत.

तिसरा मुद्दा ओळखीचा, आणि तो दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. फलित बीजापासून मूलपेशींची मालिका तयार झाली तर तिच्यात दात्रीचा निम्मा जनुकीय वारसा असतो आणि ती मालिका प्रयोगशाळांमध्ये अनेक दशके जगू शकते. केंद्रक बदललेल्या बीजापासून झालेल्या पेशींत तिचा अंश मायटोकॉन्ड्रियातील 37 जनुकांपुरता उरतो. नाव पूर्णपणे पुसून टाकले तर गोपनीयता चांगली राखली जाते, पण मग माघार घेता येत नाही आणि तपासणीत एखाद्या आनुवंशिक आजाराचा धोका दिसला तरी तिला कळवता येत नाही. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक ठेवला आणि त्याची किल्ली तिसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे राहिली, तर दोन्ही गोष्टी काही प्रमाणात साधतात. असा धोका दिसल्यास मला कळवावे की कळवू नये, हेही आपण आधीच ठरवून लिहून द्यावे.

चौथा मुद्दा व्यापाराचा. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी 1951 मध्ये तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि त्यांपासून झालेली पेशीमालिका आजही जगभर वापरली जाते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये मूर या रुग्णाच्या खटल्यात असा निर्णय दिला की शरीरातून काढलेल्या पेशींवर रुग्णाचा मालकीहक्क सांगता येत नाही, मात्र डॉक्टरने आपला आर्थिक हितसंबंध आधी उघड केलाच पाहिजे. त्यामुळे पेटंट आणि नफ्यात वाटा मिळण्याची आशा धरू नये, पण कोणती कंपनी यामागे आहे आणि बीजे किंवा पेशी परदेशात पाठवल्या जाणार आहेत का, हे जाणून घेण्याचा आग्रह जरूर धरावा.

प्रक्रिया सुरू झाल्यावर

होकार दिल्यानंतरही निर्णय रोज नव्याने घेता येतो, हे लक्षात ठेवावे. औषधे चालू असताना कोणत्याही दिवशी थांबता येते. शेवटचे इंजेक्शन घेतल्यानंतरही बीजे काढण्यास नकार देता येतो, परंतु तोवर अंडाशय उद्दीपित झालेले असल्यामुळे शारीरिक त्रासाचा संभव संपत नाही. म्हणून मनात शंका असेल तर ती त्या इंजेक्शनच्या आधी बोलून दाखवावी. औषधे सुरू झाल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत असुरक्षित शरीरसंबंध टाळावेत, कारण अनेक बीजे तयार असताना जुळी-तिळी गर्भधारणा होऊ शकते, आणि तशी गर्भधारणा झाल्यास ओएचएसएसही बळावतो.

भुलेनंतर घरी नेण्यासाठी कोणीतरी सोबत असावे. पहिला आठवडा रोज वजन करावे, भरपूर द्रव घ्यावे, आणि श्वास लागणे, लघवी कमी होणे किंवा पोटात तीव्र वेदना यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता संपर्क साधावा. त्यासाठी रात्रीही उचलला जाणारा फोन क्रमांक आधीच मागून ठेवावा, आणि तो एकदा लावून पाहावा.

निघताना आपल्या नोंदींची प्रत मागावी: कोणती औषधे, किती मात्रेत, किती दिवस घेतली, शेवटचे इंजेक्शन कोणते होते, किती बीजे निघाली, नंतर काय त्रास झाला, कोणत्या दिवशी शमला. दात्रींच्या दीर्घकालीन नोंदी ठेवणारी व्यवस्था अनेक ठिकाणी उभी राहिलेली नाही, आणि दहा वर्षांनी एखाद्या नव्या डॉक्टरने पूर्वेतिहास विचारला किंवा कोणी असा अभ्यास हाती घेतला, तर हे चार कागद त्या स्त्रीच्या कपाटात असले पाहिजेत.